पियानो ‘साथीला’ नव्हता
‘व्हायोलिन सुरेख, पण पियानोने साथ करताना फारच आवाज केला’ असं एका श्रोत्याने व्हायोलिन-पियानोच्या मैफलीबद्दल लिहिलंय, ते मला अर्धंच पटलं. पियानोचं झाकण पूर्ण उघडं असेल तर त्याचे खालचे स्वर व्हायोलिनच्या जी तारेला (सगळ्यात खालच्या स्वराच्या तारेला) गिळतात, हे खरं. पण ‘साथ’ हा शब्दच इथे चुकतो. मोत्सार्ट आणि बेथोवनच्या काळात असे सोनाटा (या दोन वाद्यांसाठीच्या, काही भागांत बांधलेल्या रचना) ‘पियानो आणि व्हायोलिनसाठी’ म्हणून छापले जात, पियानोचं नाव आधी! आपल्या कानांना पेटी-तबल्याच्या साथीची सवय, म्हणून हा घोटाळा.

सेझार फ्रांक या संगीतकाराच्या सोनाटासाठी (१८८६, व्हायोलिनवादक इझाईला लग्नाची भेट म्हणून दिलेला) मी एकदा पियानोवादिकेशेजारी पानं उलटायला बसलो होतो. दुसऱ्या भागात खरा घाम तिचाच निघत होता. शेवटच्या भागात तर सुरावट आधी पियानो म्हणतो आणि व्हायोलिन एक बार (मात्रांचा एक गट) मागून तीच म्हणत येतं. व्हायोलिनवादक तिच्याकडे पाठ करून उभा होता, तरी दोघांचा श्वास एकच. मी मात्र ऐकण्यात इतका गुंगलो की एक पान उशिरा उलटलं. तिने न बघता वाजवलं, नंतर माझ्याकडे बघितलं ते वेगळं.