‘उतरंड’ की ‘पोट’? साध्या मजकुरातल्या आराखड्यासाठी शब्द हवा

कृष्णाकाठ, सांगली
माझी सगळी टिपणं इमॅक्सच्या (मजकूर लिहायचं एक सॉफ्टवेअर) ऑर्ग-मोडमध्ये, म्हणजे त्यातल्या टिपणांच्या सोयीत असतात. ओळीच्या सुरुवातीला एक तारा (*) की मथळा, दोन तारे की त्याखालचा, असं खाली खाली. मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा करून लिहायची दुसरी पद्धत) हेच काम हॅश (#) करतो, पण ६ पातळ्यांपर्यंतच. ह्या रचनेला ‘उतरंड’ म्हणतात ते मला खटकतं. उतरंडीत मडक्यावर मडकं असतं, कुणी कुणाच्या आत नसतं. इथे मथळ्यावर टॅब दाबली की खालचं सगळं त्याच्या पोटात गडप.

अजिंक्यतारा
मग शब्द तुम्हीच दिलात की! पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू. सातबाऱ्यावर गट नंबराखाली पोटहिस्सा असतोच: १२४/२/अ. ‘अ’ हा २ मधून निघाला, २ हा १२४ मधून, हे सांगायला तलाठी लागत नाही. तेव्हा मथळा आणि पोटमथळा. ‘उपमथळा’ म्हटलं की मला वर्तमानपत्र आठवतं. तो मोठ्या मथळ्याच्या जोडीला बसतो, पोटात नाही.

कृष्णाकाठ, सांगली
आणि तिसरी पातळी? पोटपोटमथळा?

अजिंक्यतारा
छे. तीनतारी मथळा म्हणा. पाकासारखं.

परळीकर
शब्द ठरले, पण खरी गोम पुढेच आहे. पोटमथळा संपवून पुन्हा मूळ मथळ्याबद्दल दोन ओळी लिहायच्या असतील तर? सोय नाही. खाली जे लिहाल ते शेवटच्या पोटमथळ्याचंच. घरदुरुस्तीच्या टिपणात शेवटी ‘एकूण खर्च’ लिहिला, तो ‘गवंडी’च्या पोटात गेला. गवंड्याचं काम झाल्यावर तो भाग काढून टाकला, खर्चही गेला.

दासबोधात २० दशक, प्रत्येकी १० समास, आणि दर समासाच्या शेवटी ‘इति श्रीदासबोधे गुरुशिष्यसंवादे…’ करून त्याचं नाव. पोथी प्रकरण मिटवते. ताऱ्यांना फक्त उघडता येतं.

वजा चिन्हाच्या याद्यांत मात्र ही भानगड नाही. ओळ डावीकडे आणली की मुद्दा संपला. म्हणजे यादी समासावर मिटते, आणि हा समास कागदाच्या कडेचा! म्हणून मी तारे दोनच पातळ्यांपुरते ठेवतो, त्याखाली याद्या. मूळ मथळ्याचं जे काही सांगायचं ते पहिल्या पोटमथळ्याच्या आधीच लिहून मोकळा होतो.

अजिंक्यतारा
नाहीतर शेवटी बरोबरीचा एक पोटमथळा टाकायचा, ‘किरकोळ’ नावाचा.

कृष्णाकाठ, सांगली
‘किरकोळ’ नको. माझ्याकडे त्या नावाखाली चार वर्षांचं सगळं साठलंय.