पार्किंगमधला कार एसी
(सोसायटीच्या ग्रुपवरून, शनिवार)

मंदार (बी-३०२): गाडीचा एसी परत गरम हवा टाकतोय. गेल्या मे महिन्यात गॅस भरला होता, आता गॅरेजवाला म्हणतो पुन्हा भरा. दरवर्षी कोण पैसे घालणार? ऑनलाइन किट बघितलंय, घरीच करतो. कार्टमध्ये: गॅसचे दोन कॅन, एक होस, एकच गेज, लीक बंद करणारं औषध, ओ-रिंगचा डबा. कोणी केलंय का आधी?

शिल्पा (सी-१०४): माझ्या भावाकडे घरच्या एसीचं गेज आहे, आणू का?

अरुणकाका (ए-२०१): शिल्पा, नको गं. घरच्या एसीच्या होसला पाव इंची फ्लेअर नट असतो. गाडीच्या पोर्टवर, म्हणजे गॅस भरायच्या तोंडावर, क्विक कपलर दाबून बसवावा लागतो. शिवाय त्या होसमध्ये दुसऱ्या गॅसचं ऑइल उरलेलं असतं, ते गाडीत जायला नको.
मंदार, ऑर्डर दाबली नाहीस ना?

मंदार: नाही काका. तुम्ही वीस वर्षं हेच केलंत, म्हणून तर ग्रुपवर टाकलं 😅

अरुणकाका: मग औषध आधी कार्टमधून काढ. ते आत कुठे जाऊन गोठेल सांगता येत नाही. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅस जातो ती बारीक वाट) चोक झाला की डॅशबोर्ड खोलायची वेळ येते. आणि गॅरेजच्या गॅस काढायच्या मशीनमध्ये गेलं तर तो माणूस तुला पुन्हा दारात उभा करणार नाही.

मंदार: आणि एकच गेज चालेल ना?

अरुणकाका: एका गेजवर अर्धीच गोष्ट कळते. मॅनिफोल्ड गेज (दोन काट्यांचं) घे, निळं लो साइडचं म्हणजे कमी दाबाच्या बाजूचं, लाल हाय साइडचं म्हणजे जास्त दाबाच्या. आर-१३४ए गॅसच्या गाडीत लो पोर्ट १३ मिमी आणि हाय पोर्ट १६ मिमी असतो. माप मुद्दाम वेगळं ठेवलंय, कारण इंजिन चालू असताना कॅन चुकून हाय साइडला लागला तर तो फुटू शकतो. बोनेटखालचा स्टिकर बघ, गॅस कोणता आणि किती ग्रॅम लिहिलाय? नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो, तो वेगळा.

मंदार: आर-१३४ए, ४०० ग्रॅम.

अरुणकाका: ४०० म्हणजे ४००. गेज बघून अंदाजे भरायचं नाही, कॅन वजनकाट्यावर ठेवून भरायचं. जास्त भरलास तरी गारवा कमीच होतो, वर कॉम्प्रेसरवर ताण.

सुनीता (बी-३०२): स्वयंपाकघरातला काटा मागू नका. 🙏

अरुणकाका: 😂 माझं गेज न्यायला ये. आज फक्त प्रेशर बघ. चष्मा-हातमोजे घाल, हा गॅस उणे २६ अंशाला उकळतो, बोटावर उडाला तर कातडी गोठते.

(संध्याकाळी)

मंदार: इंजिन बंद, दोन्ही काटे ४० पीएसआयवर. चालू केलं तर कॉम्प्रेसरचा क्लच टक करून लागतो आणि लगेच सुटतो.

अरुणकाका: आज हवा ३० अंश धर. आत थोडा जरी द्रव गॅस असता तर दोन्हीकडे ९५ च्या आसपास दिसलं असतं. ४० म्हणजे नुसती वाफ उरलीय. पण ९५ दिसलं तरी गॅस पुरेसा आहे असं नसतं हं, ते प्रेशर तापमानावर ठरतं. आता साबणाचं पाणी ब्रशने लाव: जॉइंट, कंडेन्सर आणि दोन्ही पोर्टच्या तोंडात.

मंदार: लाल पोर्टच्या तोंडाशी बुडबुडे! हळूहळू, मोहरीएवढे. आणि काका… त्यावर टोपीच नाहीये.

अरुणकाका: सापडला चोर. आतली व्हॉल्व्ह कोअर, म्हणजे टायरच्या व्हॉल्व्हमध्ये असते तशी छोटी झडप, गळतेय. टोपीही नुसती धूळ अडवायला नसते, तिच्यात रबर असतं. मागच्या वेळी कोणी परत लावलीच नाही.

मंदार: म्हणजे कोअर बदलायची, टोपी लावायची आणि गॅस भरायचा?

अरुणकाका: मधलं विसरलास. उरलेला गॅस हवेत सोडायचा नाही, रिकव्हरी मशीनने काढायचा. मग कोअर बदलायची, ३०-४० मिनिटं पंपाने व्हॅक्यूम ओढायचा, म्हणजे आतली हवा-ओल काढायची, मग पंप बंद करून काटा चढतोय का पाहायचा. ओल राहिली तर ती गॅस-ऑइलशी मिसळून आतून गंज धरते. पाईप खोलावा लागला तर दोन पाने लाव, एकाने धर, एकाने फिरव, नाहीतर ॲल्युमिनियमचा पाईप पिळला जातो. ओ-रिंग हिरव्या एचएनबीआर रबराच्या आणि त्यांना एसीचंच ऑइल.

मंदार: मशीन तर गॅरेजमध्येच. मग घरी करण्यासारखं राहिलं काय?

अरुणकाका: जे आज केलंस ते. मशीन असलेल्या गॅरेजमध्ये जा, "गॅस भरा" म्हणू नकोस. "हाय साइडची कोअर बदला, व्हॅक्यूम समोर दाखवा, ४०० ग्रॅम मोजून भरा" म्हण.

सेक्रेटरी (ए-५०१): पार्किंगमध्ये रिपेअरिंगला परवानगी नाही, नियम ठाऊक असावा.

मंदार: साबणाचं पाणीच सांडलंय सर, फरशी स्वच्छ झाली. 😇 काका, टोपी कुठली घेऊ?

अरुणकाका: हायची. लोची बसत नाही. दोन घे, एक माझ्या गाडीलाही हवीय.