प्रति: सुरगाण्यातली (जि. नाशिक) मुलं मराठी बोलतात, मग शाब्दिक गणितात का अडतात?

विषय प्रबंधाला चांगला आहे, पण 'मराठी येते' यातल्या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हाच भेद मांडला. पुढच्या अभ्यासांतून दिसलं की रोजच्या बोलण्याची भाषा साधारण २ वर्षांत येते, अभ्यासाची भाषा पक्की व्हायला ५ ते ७ वर्षं लागतात. दुसरीतलं, घरी कोकणा ही आदिवासी भाषा बोलणारं मूल शाळेच्या फाटकापाशी मराठीत गप्पा मारेल आणि 'कितीने जास्त' इथे थबकेल.

केवळ लेखी चाचणी घेतलीत तर अडचण वाचनाची, भाषेची की गणिताची हे कधीच कळणार नाही. तेच गणित तीन प्रकारे द्या: कोकणा भाषेत तोंडी, मराठीत तोंडी, मराठीत लेखी. आकडे बदला, काठिण्य तेच ठेवा (हातच्याचं गणित असेल तर तिन्हीकडे हातचा हवाच). क्रमही मुलागणिक फिरवा, नाहीतर शेवटच्या फेरीत सरावाचाच फायदा मोजाल.

सगळ्यात जास्त घोळ तोंडी फेरीत होतो. प्रश्न विचारणारी ताई आपलेपणानं 'मग उरले किती?' असं म्हणून जाते आणि वजाबाकी फुटते! वाक्यं ठरवून ध्वनिमुद्रित करून ऐकवा. कोकणा गावागणिक बदलते, म्हणून त्याच गावच्या माणसाकडून तपासून घ्या. गुरुजी खोलीत नकोत. ते असले की मुलं मराठीतच उत्तर देतात.

आश्रमशाळा असेल तर परवानगी कळवणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची, जिल्हा परिषदेची असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांची. पालकांची संमती मात्र कोकणा भाषेत, तोंडी समजावून.