पॉवरलूमच्या शेडची भिंत रंगवायचीय, स्प्रे घेऊ की ब्रश?

पूर्वभागकर
नमस्कार मंडळी. आमच्या काकांचा सोलापुरात पूर्व भागात लूमचा शेड आहे, त्याची रस्त्याकडची भिंत ३० फूट लांब आणि ९ फूट उंच, काका स्वतःच म्हणले काढ काय काढायचं ते. मला भिंतभर मयूरपंखी चादर काढायचीय, वाळत टाकल्यासारखी, आणि एका कडेला सुताच्या कांड्या भरणारी आजी. आजी आता नाही, म्हणून हे नीट व्हावं असं लै वाटतंय. मागच्या वर्षी शेजारच्या गल्लीत घरमालकाला विचारून स्प्रेने एक मोर काढलेला, पावसाळा सरेपर्यंत अर्धा मोर पापुद्रे होऊन खाली पडला. माझं काय चुकलं? आणि यावेळी स्प्रे घेऊ का ब्रश? गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी संपवायचंय.

जुना बोर्डपेंटर
बाळा, त्या भिंतीला आधी चुना होता का? असणारच. चुन्यावर कितीही भारी रंग मार, रंग चुन्याला धरतो आणि चुना भिंतीला धरत नाही, मग दोघं मिळून पडतात. तळहात भिंतीवर घासून बघ, पांढरी पूड हाताला लागली की समजायचं. पत्र्याने आणि तारेच्या ब्रशने सगळं खरवडून काढ, पाण्याने धू, नीट वाळू दे. मग भेगा पुट्टीने भरून घे, बाहेरच्या भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी मिळते तीच घ्यायची, आतल्या भिंतीची स्वस्त पुट्टी पावसात फुगते. त्यावर एक्स्टिरियर प्रायमर, तोही वाळल्यावर रंग. नवा गिलावा असेल तर महिनाभर हातच लावू नको.
आणि खाली जमिनीलगत लोणा, म्हणजे ओलीने येणारी खारट पांढरी पूड, आलाय का बघ. आला असेल तर आधी ओल कुठून येते ते काकांना बघायला सांग, लोण्यावर काहीच टिकत नाही. ओल बंद होत नसेल तर खालचा फूटभर पट्टा सोडून चित्र वर घे, मी बोर्ड लिहायचो तेव्हा असंच करायचो.
स्प्रेचं म्हणशील तर ४०० मिलीचा एक डबा कसाबसा १५-२० चौरस फूट झाकतो, तुझी भिंत २७० चौरस फूट आहे, तूच हिशोब कर. मोठा भाग एक्स्टिरियर इमल्शनने रोलर-ब्रशने भर, पांढरा बेस घेऊन त्यात स्टेनर (बाटलीतला दाट रंग) टाकून रंग बनव, पण स्टेनर डब्यावर लिहिलंय त्याहून जास्त ओतायचा नाही, नाहीतर रंग सुटतो.

स्टेन्सिलवाली
बोर्डपेंटर काकांनी भिंतीचं सगळं सांगितलंच आहे, मी चित्राचं सांगते. दादा, तुमच्याकडे तर आयता खजिना आहे! चादरीचं डिझाइन जकार्डसाठी (भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणारं लूमवरचं यंत्र) आधी आलेख कागदावर चौकटी भरूनच काढतात ना? तुमच्या काकांकडे किंवा त्यांच्या डिझाइनवाल्याकडे जुना कागद असेल तर तोच घ्या, भिंतीवर नीळ लावलेल्या दोरीने चौकोन पाडा आणि कागदातला एक एक चौकोन मोजून वर न्या. वेगळा प्रोजेक्टर वगैरे काही नको.
मोराचा पिसारा पुन्हा पुन्हा येतो, तो एकदाच स्टेन्सिल कापून घ्या. जुनी एक्सरे फिल्म मस्त कापली जाते आणि पाण्याने वाकत नाही. कापताना आतले तुकडे गळून पडू नयेत म्हणून बारीक पट्ट्या ठेवायच्या, नाहीतर डोळ्याच्या जागी नुसतं भोक उरतं. स्प्रे इथे वापरा, वीतभर लांबून, हलका हात, दोन-तीन पातळ थर, एकाच जागी धरला की ओघळ आलाच. पॅरिसमध्ये ब्लेक ले रा हा भिंतचित्रकार १९८१ पासून स्टेन्सिलनेच उंदीर काढत होता, कारण घरी निवांत कापायचं आणि भिंतीपाशी थोडाच वेळ थांबायचं. तुम्हाला घाई नाही तरी काठ स्वच्छ येतो तो फायदा आहेच.
जकार्डची रद्दी कार्डं मिळाली तर ती भिंतीला धरून वरून स्प्रे मारून बघा, भोकांचे ठिपके उमटतील, आजीच्या मागे ते फार सुंदर दिसेल असं मला वाटतं.

पूर्वभागकर
चुनाच होता हो काका, आता कळलं. कार्डांची थप्पी माळ्यावर पडलीय, डोक्यातच नव्हतं आलं. आजीचा चेहरा मात्र चौकोनांनी जमेल असं वाटत नाही, माझा हात तेवढा नाही.

जुना बोर्डपेंटर
चेहरा मोठ्या कागदावर घरी बसून काढ, मनासारखा होईपर्यंत. मग रेषेवरून दाभणाने भोकं पाड, कागद भिंतीला चिकटव आणि कोळशाची पूड फडक्याच्या पुरचुंडीत बांधून वरून थापट. ठिपके उमटतात, ते जोडायचे. आम्ही मोठी अक्षरं अशीच उतरवायचो.

कंबर तलाव
अजून एक रस्ता, चेहरा कागदावरच रंगवून खळीने चिकटवायचा. मैद्याची खळ शिजवायची, बाइंडिंगवाले किडीसाठी त्यात चिमूटभर मोरचूद टाकतात (विषारी आहे, घरातलं भांडं वापरू नका). पण कागद एक-दोन पावसाळ्यांच्या वर जात नाही, आजीसाठी मी तरी हे करणार नाही, रंगातच काढा.
आपल्या उन्हाचं कोणी बोललं नाही. गुलाबी, जांभळा, भडक लाल लवकर उडतात, फ्लोरोसंट तर सगळ्यात आधी. गेरू, पिवळी माती, काळा, पांढरा वर्षानुवर्षं राहतात, निळा-हिरवाही चांगला टिकतो, म्हणजे मोराचे रंग तुमच्या बाजूने आहेत. आजीच्या साडीला लालऐवजी गेरवा घ्या. भर उन्हात रंगवू नका, तापलेल्या भिंतीवर रंग धरायच्या आधीच सुकतो, सकाळी किंवा भिंत सावलीत आल्यावर करा. स्प्रेचे डबे गाडीच्या डिकीत ठेवायचे नाहीत, त्यावर ५० अंशांची मर्यादा लिहिलेली असते. आणि कापडी मास्कने स्प्रेची वाफ अडत नाही, कार्ट्रिजवाला मास्क घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

पूर्वभागकर
साडी तिची गेरव्याच रंगाची होती, खरंच. रविवारी खरवडायला घेतोय, तारेचे दोन ब्रश आणलेत. धुऊन झाली की भिंतीचा फोटो टाकतो, बोर्डपेंटर काका, पुट्टी लावायच्या आधी एकदा बघून सांगा.