पहिला गट जमला नाही तर

दारू सोडायला मदत करणाऱ्या गटाच्या एका बैठकीत मन रमलं नाही म्हणजे अशा गटांचा उपयोगच नाही, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना, तिचा प्रत्येक गट आपला कारभार स्वतः पाहतो, त्यामुळे दोन गटांचं वातावरण अगदी वेगळं असू शकतं. माझ्या धाकट्या भावाशी पहिल्या गटात कुणी बोललंच नाही. दुसरीकडे एक काका खुर्च्या आवरता आवरता थांबले, चिठ्ठीवर नंबर लिहून दिला आणि म्हणाले, "प्यावंसं वाटलं तर आधी मला फोन कर, कितीही वाजू देत." तो तिथेच टिकला.

खुल्या बैठकीला घरचेही जाऊ शकतात, बंद बैठक मात्र दारू सोडू पाहणाऱ्यांपुरती. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू थांबवण्याआधी डॉक्टर गाठावा, फिट येऊ शकते. हे कृपया हलक्यात घेऊ नका.