फोर्स फीडबॅक वाढवले, तरी पुढची चाके कधी सुटतात ते हाताला कळत नाही

वळणवेडा (प्रश्न)

गेले वर्षभर मी असेट्टो कोर्सा हा गाड्यांच्या शर्यतीचा संगणकीय खेळ खेळत आहे. माझे व्हील (खेळासाठीचे स्टिअरिंग) गिअरवर चालणारे, सुरुवातीच्या श्रेणीतले आहे; त्यातली मोटर गाडीच्या स्टिअरिंगमधले बल हाताला जाणवून देते, तेच फोर्स फीडबॅक. पहिल्या दिवसापासून स्टिअरिंग हलके वाटत असल्यामुळे मी खेळातला गेन (बलाचा गुणक) १०० वर आणि गाडीगणिक बदलता येणारा गेन १३० वर नेला, शिवाय रस्ता, कर्ब (ट्रॅकच्या कडेची उंचवट्याची पट्टी) आणि घसरण यांचे तिन्ही इफेक्ट ३० टक्क्यांवर ठेवले. त्यानंतर अर्ध्या तासातच मनगटे भरून येऊ लागली, म्हणून व्हीलच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमधली एकूण ताकद ६० टक्क्यांवर आणली.

आता अडचणी दोन आहेत. मॉन्झा ट्रॅकच्या पॅराबोलिका वळणात शिरताना स्टिअरिंग जड होते आणि वळण संपेपर्यंत ते जसेच्या तसे जड राहते; पुढची चाके पकड सोडून गाडी बाहेर सरकू लागली तरी हाताला काहीही वेगळे जाणवत नाही आणि डोळ्यांना ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. याउलट सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मधोमध निर्जीव पडून असते; ते किंचित डावी-उजवीकडे हलवले तरी कसलाच विरोध होत नाही. हा दोष व्हीलचा समजावा की माझ्या सेटिंगचा? नवे व्हील घेण्याआधी खात्री करून घ्यावी, असे वाटते.

न्यूटनमीटर

तुमची पहिली अडचण जवळपास नक्कीच क्लिपिंगची आहे आणि ती सेटिंगमुळे आली आहे. खेळ व्हीलला जो संकेत पाठवतो त्याला १०० टक्क्यांची कमाल मर्यादा असते. गाडीच्या भौतिकीनुसार निघालेले बल गेनने गुणल्यावर त्या मर्यादेपलीकडे गेले, तर वरचा भाग छाटला जातो. दहा किलोपर्यंतच मोजणाऱ्या ताणकाट्याला बारा किलोचे पोते लावा की पंधराचे, काटा दहावरच अडतो. तुमचे व्हील पॅराबोलिकात नेमके तेच करत आहे.

यात नेमके काय हरवते, ते समजून घेण्यासारखे आहे. वळणात स्टिअरिंग स्वतःहून सरळ होऊ पाहते, कारण टायरवर बाजूने येणारे बल टायरच्या स्पर्शभागाच्या मध्यावर न येता थोडे मागे येते आणि त्या अंतरामुळे पीळ तयार होतो. टायर जसजसा पकडीच्या टोकाजवळ जातो तसतसा स्पर्शभागाचा मागचा हिस्सा आधी घसरू लागतो आणि ते अंतर कमी होते. त्यामुळे बाजूचे बल शिखराला पोहोचण्यापूर्वीच स्टिअरिंगमधला पीळ उतरू लागतो. कॅस्टरमुळे (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याच्या मागे झुकलेल्या कलामुळे) मिळणारा वजनाचा भाग शिल्लक राहतो, म्हणून ते एकदम सैल पडत नाही, पण हाताला फरक कळेल इतके हलके नक्की होते. ‘पुढची चाके आता सुटणार’ ही सूचना म्हणजे हेच हलके होणे. तुमच्याकडे मात्र चढणही १०० च्या वर आणि उतरणही १०० च्या वर असल्यामुळे दोन्ही छाटले जाऊन हाताला सपाट पठार लागते.

आता तुमच्या हातून झालेली खरी चूक सांगतो. ती बहुतेकांकडून होते आणि माझ्याकडूनही झाली होती. ड्रायव्हरमधली ताकद ६० केल्याने क्लिपिंग जात नाही. छाटणी खेळाच्या बाजूला आधीच होऊन गेलेली असते; ड्रायव्हर तो छाटलेला संकेत घेऊन फक्त मंद करतो. म्हणजे पठार तेच राहिले, त्याची उंची तेवढी कमी झाली. तुमच्यासारख्या कमी ताकदीच्या व्हीलवर ड्रायव्हरमध्ये १०० ठेवावे आणि जे काही कमी करायचे ते खेळात करावे.

पडताळणी सोपी आहे. खेळातले पेडल्स नावाचे अॅप स्क्रीनवर आणा. त्यात क्लच, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर यांच्या शेजारी फोर्स फीडबॅकची पट्टी असते. ती एरवी राखाडी असते आणि क्लिपिंग झाले की लाल होते. गाडी चालवता चालवता नंबर पॅडवरच्या वजा बटणाने त्या गाडीचा गेन कमी करत जा. लांब, वेगवान वळणात पट्टी लाल होता कामा नये. कर्बवर चाक आदळताना क्षणभर लाल झाली तर हरकत नाही.

दातेरी

वरचे सगळे मान्य आहे, पण गेन कमी केल्यावर तुमची दुसरी अडचण वाढेल, याची आधीच कल्पना असू द्या. लॉजिटेक जी२९ च्या वर्गातल्या व्हीलची ताकद साधारण २.२ न्यूटन-मीटर (पीळ मोजण्याचे एकक) असते. समजा, गाडीच्या स्टिअरिंगमधला ४० न्यूटन-मीटरचा पीळ तुम्ही व्हीलच्या कमाल ताकदीला जुळवला, तर गाडीतल्या १ न्यूटन-मीटरच्या वाट्याला तुमच्या हातात जेमतेम ०.०५५ न्यूटन-मीटर येते. गिअरचे घर्षण आणि दातांमधला ढिलेपणा यांतच एवढे बल जिरून जाते. मधला निर्जीव पट्टा तयार होतो तो असा. बेल्टवर चालणाऱ्या व्हीलमध्ये तो कमी असतो आणि मोटरच्या दांड्यावरच थेट चाक बसवलेल्या डायरेक्ट ड्राइव्हमध्ये जवळपास नसतोच.

यावरचा उपाय म्हणजे मिनिमम फोर्स. खेळाने पाठवलेले अगदी बारीक बलही घर्षण ओलांडेल इतक्या पातळीपासून सुरू करायचे, एवढाच त्याचा अर्थ. हा आकडा अंदाजाने ठरवू नका. व्हीलचेक नावाचे छोटे मोफत साधन मिळते; ते शून्यापासून पायरीपायरीने बल वाढवत नेते आणि प्रत्येक पायरीला व्हील किती हलले याची नोंद करते. नोंदीत सुरुवातीच्या काही ओळींत हालचाल शून्य दिसेल. पहिली खरी हालचाल ज्या टक्क्याला दिसते, त्याच्या आसपास तुमचा मिनिमम फोर्स. व्हील टेबलाला घट्ट बांधलेले असू द्या आणि चाचणी चालू असताना त्याला हात लावू नका.

त्याच नोंदीवरून एलयूटी फाइलही (कोणत्या संकेताला किती बल पाठवायचे याचा तक्ता) तयार करता येते. ती मधल्या पट्ट्याबरोबरच पुढचा सगळा वक्रही सरळ करते, कारण ही व्हील्स दुप्पट संकेताला दुप्पट बल देतातच असे नाही. मात्र एलयूटी वापरणार असाल, तर मिनिमम फोर्स शून्य करायलाच हवा, नाहीतर भरपाई दोनदा होते. शिवाय नंतर ड्रायव्हरमधली ताकद बदललीत तर ती फाइल निरुपयोगी ठरते आणि चाचणी पुन्हा करावी लागते.

कर्बवाला

रस्ता, कर्ब आणि घसरण यांचे इफेक्ट शून्य करा, असे आता कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच थोडी हरकत नोंदवतो. हे इफेक्ट स्टिअरिंगच्या यंत्रणेतून आलेले नसून वरून मिसळलेली थरथर असते आणि मर्यादेखालची जागा तीही खाते, हे खरे आहे. घसरणीचा इफेक्ट तर मीही बंदच ठेवतो, कारण स्टिअरिंग हलके होत असतानाच त्यावर थरथर चढवली की मूळ सूचना झाकली जाते. पण खऱ्या गाडीत कर्ब हाताच्या आधी पाठीला आणि बसण्याच्या जागेला कळतो. इथे खुर्ची निश्चल असते. त्यामुळे कर्बचा इफेक्ट १० टक्क्यांच्या आसपास ठेवणे मला तरी खोटेपणाचे वाटत नाही.

वळणवेडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे केले आणि काल रात्री त्याच वळणात तासभर घालवला.

पेडल्स अॅप उघडल्यावर प्रथम संकोचच वाटला, कारण पॅराबोलिकात पट्टी आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत अखंड लाल होती. ड्रायव्हर १०० वर नेऊन गाडीचा गेन १३० वरून उतरवत उतरवत ७४ वर आणला, तेव्हा लाल रंग फक्त कर्बवर लुकलुकू लागला. व्हीलचेकच्या नोंदीत पहिली हालचाल ११ टक्क्यांवर दिसली. मी उत्साहाने मिनिमम फोर्स १८ ठेवून पाहिला, तर सरळ रस्त्यावर हात सैल सोडताच व्हील डावी-उजवीकडे खडखडत डुलू लागले. ११ वर ते थांबले. एलयूटीच्या वाटेला अजून गेलेलो नाही.

पॅराबोलिकात मुद्दाम दहा किलोमीटर जास्त वेगाने शिरलो. स्टिअरिंग जड होत गेले आणि मग कोणीतरी पलीकडून धरलेली दोरी जराशी सोडावी तसे बोटांखाली नरम पडले. गाडी त्यानंतर बाहेर सरकू लागली. मी स्टिअरिंग थोडे उलगडताच वजन परत आले. इतके दिवस हे सगळे मी स्वतःच छाटून टाकत होतो.

एक शंका राहिली. याच आकड्यांवर माझदा एमएक्स-५ फारच हलकी लागते. पुन्हा काही बिघडवले आहे का?

थेटमोटर

मध्येच एक सूचना, कारण नव्या व्हीलचा विषय निघाला होता. मी ८ न्यूटन-मीटरचे डायरेक्ट ड्राइव्ह वापरतो आणि तिथे प्रश्न उलटा असतो. मिनिमम फोर्स शून्य ठेवायचा आणि बारीक तपशील आपोआप मिळतो. पण संकेत खेळातून मोटरपर्यंत पोहोचायला लागणाऱ्या अल्पशा विलंबामुळे, हात सोडल्यास सरळ रस्त्यावर व्हील स्वतःच झोके घेऊ लागते. थोडे डॅम्पिंग (व्हीलच्या हालचालीला मुद्दाम दिलेला विरोध) दिले की ते शमते. जास्त दिले तर स्टिअरिंग मधात बुडवल्यासारखे होते. भिंतीवर आदळण्याची वेळ आली, तर अंगठे आऱ्यांच्या आत अडकवून ठेवू नका. मी पहिल्या आठवड्यात ठेवले होते आणि पुढचे चार दिवस पेन धरणेही अवघड गेले होते.

न्यूटनमीटर

काहीही बिघडलेले नाही. डाउनफोर्स (हवेमुळे गाडीला खाली दाबणारे बल) असलेली रेसिंग गाडी वेग वाढेल तशी पुढच्या टायरांवर भार टाकत जाते, म्हणून तिच्या स्टिअरिंगमधल्या पिळाचे शिखर उंच असते. एमएक्स-५ हलकी गाडी आहे आणि रस्त्यावरच्या टायरांवर धावते, त्यामुळे तिचे शिखर बरेच खाली राहते. गेन गाडीगणिक वेगळा ठेवण्याची सोय त्यासाठीच आहे आणि खेळ तो आकडा लक्षात ठेवतो. एमएक्स-५ घेऊन एखाद्या लांब वळणात नंबर पॅडवरच्या अधिक बटणाने वाढवत जा आणि पट्टी लाल होण्याच्या एक-दोन पायऱ्या अलीकडे थांबा. मिनिमम फोर्सला मात्र हात लावू नका. तो गाडीचा नाही, व्हीलचा आकडा आहे.