मदत हवी आहे: रेसमधून निवृत्त थरोब्रेड घोडी, उडीचं शिंगरू आणि नॉर्दर्न डान्सरचं रक्त

अडाणकाठचा

राम राम मंडळी. चारेक वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गाव दारव्हा तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. कपाशी, तूर, सोयाबीन, नेहमीचंच. आजोबांची घोडी होती, ती गेल्यावर तबेल्यात तीस वर्षं कुटार भरलेलं. पुतणी नागपूरला शिकताना एनसीसीत घोड्यावर बसायला शिकली आणि तिथून घरात हे वेड आलं. तिला शो जंपिंग करायचंय. तयार घोडा घेण्याची आपली ऐपत नाही. म्हणून मागच्या दिवाळीत एका दलालाकडून थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीची, घोडी आणली. वय ९, रंग कुमैत, उंची ६४ इंच. पुढच्या डाव्या पायाची शीर (टेंडन) गेल्यामुळे रेसमधून काढलेली, नंतर एका फार्महाऊसवर नुसती उभी होती. आता लंगडत नाही. स्वभाव गरीब, फक्त ट्रॅक्टर सुरू झाला की कान टवकारते.

दलालाने सोबत टाईप केलेला कागद दिलाय. बाप मल्टिडायमेन्शनल, आईचा बाप रझीन. दोन्हीकडून वर गेलं की नॉर्दर्न डान्सर. "साहेब, हे रक्त आहे, हिचं शिंगरू दहा लाखाला जाईल," असं तो म्हणाला. दहा लाखाचं मी सोडून दिलं, पण रक्ताचं डोक्यात बसलंय.

आता घोडी फळवायची आहे. पर्याय तीन दिसतात. जवळच्या गावात एक मारवाडी घोडा आहे, ६२ इंची, लग्नात नाचतो, दिसायला राजबिंडा. दुसरा, पुण्याकडे घोडी पाठवून थरोब्रेडच लावायचा. तिसरा पुतणीने काढलाय, जर्मनीच्या वॉर्मब्लड (तिकडची खेळासाठी पैदास केलेली जात) घोड्याचं गोठवलेलं वीर्य मागवायचं. रेसचं एवढं मोठं रक्त उडीच्या घोड्यात कामाला येतं का? आणि कोणता घोडा लावू?

पटवाला बुढा

भाऊ, मले घोड्यातलं काई समजत नाई, मी बैलवाला. पन येक इचारतो. शंकरपटाचा गोऱ्हा घेतांनी आपन काय करतो? आंधी त्याले पळवून पायतो, मंग इचारतो का बापू हा कोनाचा. तुमी बापाचं नाव आंधी इचारलं अन् घोडी उडते का नाई थे पायलंच नाई. दलाल लोकं बैलाच्या बाजारातले असो का घोड्याच्या, कागद लय चांगला लिवतात.

खरारा

बुढेबाबांनी दोन ओळींत सांगितलं तेच मी दोन पानांत सांगणार आहे. पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर अकरा वर्षं काढली, त्यामुळे हात आवरत नाही.

आधी नॉर्दर्न डान्सर. १९६१ चा कॅनडाचा घोडा, जेमतेम ६२ इंची. १९६४ ला केंटकी डर्बी जिंकला, पण खरा मोठा झाला तो बाप म्हणून. निजिन्स्की, सॅडलर्स वेल्स, डॅन्झिग ही त्याचीच पोरं. रझीनही त्याचाच मुलगा, भारतात आला आणि इथे अनेकदा अव्वल बाप ठरला. मल्टिडायमेन्शनलचा बाप डेनहिल, त्याचा बाप डॅन्झिग, त्याचा बाप परत नॉर्दर्न डान्सर. म्हणजे तुमचा कागद खरा असेल तर तुमच्या घोडीत तो बापाकडून चौथ्या पिढीत आणि आईकडून तिसऱ्या पिढीत येतो. गंमत म्हणजे डेनहिलच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सरची आई नताल्मा दोन्ही बाजूंनी तिसऱ्या पिढीत आहे. पण भाऊ, आज जगातला नॉर्दर्न डान्सर नसलेला थरोब्रेड शोधायला कंदील लागेल. त्या नावाने तुमच्या घोडीबद्दल काहीच कळत नाही. आपल्याकडे कोणी म्हणालं की मी शहाण्णव कुळी, तर त्यावरून त्याला पोहता येतं का ते कळतं? तसंच.

थरोब्रेडची निवड तीनशे वर्षं एकाच गोष्टीवर झाली, सपाट मैदानावर लवकर पोचणे. त्याने काळीज, फुप्फुस, हलकी हाडं, चटकन पाऊल टाकणं आणि जिद्द दिली. उडीसाठी पाठ कमानीसारखी वाकवणं, पुढचे गुडघे छातीशी घेणं, मागचा भाग पोटाखाली आणून उसळणं, यासाठी कोणी कधी निवडलंच नाही. असलं तर नशिबाने असतं. म्हणूनच उडीवाले लोक थरोब्रेड घेतात तेव्हा रेस किती जिंकला हे शेवटी विचारतात.

जर्मनीत हॉलस्टाइन भाग आहे, शेतकऱ्यांचाच. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे ट्रॅक्टर आले आणि जड नांगराचे घोडे बिनकामाचे झाले. (आपल्याकडे बैलांचं जे झालं तेच.) त्यांनी तेव्हा मोजके थरोब्रेड आणून आपल्या दणकट घोड्यांवर लावले. तिकडच्या वंशावळीत थरोब्रेडच्या नावापुढे दोन एक्स लिहितात. लेडीकिलर नावाचा असाच एक दोन एक्सवाला, त्याची पोरं लँडग्राफ आणि लॉर्ड यांनी हॉलस्टाइनची उडी बदलून टाकली. फ्रान्सचा कोर द ला ब्रिएर हॉलस्टाइनला आला, त्याचा बाप रांत्झाउ थरोब्रेड, शिवाय आईचा आजाही थरोब्रेड, फ्युरिओसो. अशा घोड्यांना तिथे आधी तपासून, उडवून, पोरं बघून मान्यता देतात. गाळून राहिलेल्यांची नावं आपल्याला माहीत असतात, बाकीचे कोणाच्या लक्षात नाहीत.

इव्हेंटिंगमध्ये (ड्रेसाज, क्रॉसकंट्री आणि उडी अशी तिहेरी स्पर्धा) मात्र थरोब्रेडचं रक्त जास्त लागतं, कारण क्रॉसकंट्रीत दम हवा. जर्मन स्वार मायकेल युंगचा घोडा सॅम, २०१२ लंडन आणि २०१६ रिओ दोन्ही ऑलिंपिकची वैयक्तिक सुवर्णं. बाप स्टॅन द मॅन थरोब्रेड, आईचा बाप हेराल्डिक तोही थरोब्रेड.

आता तुमच्यासाठी दोन घोडी-घोडे. टच ऑफ क्लास, शुद्ध थरोब्रेड घोडी, ६४ इंचीच. रेसमध्ये काहीच जमलं नाही, आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये उडीची दोन सुवर्णं. ९१ अडथळ्यांत एकच पडला. दुसरा जाप्पेलू, फ्रान्सचा, उंची १५८ सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या मारवाड्याएवढाच. बाप दुडकीच्या शर्यतीतला ट्रॉटर, आई थरोब्रेड. १९८८ सोलचं सुवर्ण. त्याची पत्रिका कोणी आधी दाखवली असती तर त्या घोड्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं.

अडाणकाठचा

खरारा, धन्यवाद, दोनदा वाचलं. पुतणीने जाप्पेलूचे व्हिडिओ काढले आणि आता तिला मारवाडीच लावायचाय. मीच फसलो. म्हणजे घोडीत नेमकं काय बघू?

खरारा

पुतणीला सांगा, जाप्पेलूचा बाप मारवाडी नव्हता. मारवाडीचा खांदा बहुधा उभा, पाऊल उंच पण पुढे कमी पडतं. रेवाल (त्याची खास झुलती चाल) सुंदर, पण उडीला चौखूर लय लागते. मारवाडी आणि थरोब्रेडचं शिंगरू काटक निघेल, लांब पल्ल्याच्या शर्यतीला, टेंट पेगिंगला (धावत्या घोड्यावरून भाल्याने खुंटी उचलायचा खेळ) झकास. एक मीटर वीसच्या वर उडी मारणारं निघालं तर बोनस समजा. नाचतो म्हणून लावू नका एवढंच.

घोडी आधी मोकळी उडवा. चारी बाजूंनी बंद जागा, बांबूंची गल्ली, आधी जमिनीवर काठी, मग गुडघ्याएवढा बांबू. पाठीवर कोणी नको. काठीजवळ येताना ती स्वतः पाऊल जुळवते का? पुढचे गुडघे वर येतात की लोंबतात? मागचे पाय उडीनंतर उघडतात का? चुकली तर दुसऱ्यांदा सुधारते का? ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मग उभी असताना खांदा तिरका आहे का, मान छातीतून वर निघते की खालून, टाप सपाट आणि तळवा पातळ आहे का ते पाहा. थरोब्रेडमध्ये टाचा दबलेल्या खूप. रेसमध्ये हलके अॅल्युमिनियमचे नाल मारतात, त्यामुळे नालबंद कोण मिळतो यावर अर्धं काम आहे.

पुण्याला पाठवून थरोब्रेड लावण्याबद्दल: हिच्यात कमी असेल ते त्याच्यात असायला हवं. दोघंही हलक्या हाडाचे, दोघांच्याही टाचा दबलेल्या, तर शिंगरू काय वेगळं होणार? वर रेसच्या स्टड बुकात (वंशावळीच्या नोंदवहीत) नोंद हवी असेल तर नैसर्गिक संयोगच लागतो, कृत्रिम रेतनाचं शिंगरू आईबाप दोघे थरोब्रेड असले तरी चालत नाही. तुम्हाला रेस नको आहे, त्यामुळे तो पैसा वाया.

आणि तो कागद बाजूला ठेवा. रेसच्या घोड्याला पासपोर्ट असतो, मानेत मायक्रोचिप असते. पासपोर्ट दलालाकडून मागा, चिप वाचून नंबर जुळवा.

टापटीप (पशुवैद्य)

उशिरा आले, पण काही गोष्टी रक्ताआधीच्या आहेत, म्हणून लिहिते.

दादा, कोणताही घोडा घोडीजवळ आणण्यापूर्वी दोघांची ग्लँडर्सची रक्ततपासणी करा. हा आजार माणसालाही होतो आणि जनावर पॉझिटिव्ह निघालं तर मारावंच लागतं. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात. लग्नातले घोडे दहा गावं फिरतात, म्हणून हे आधी लिहिलं.

शीर अपघाताने गेली की पायाच्या ठेवणीमुळे, हे तपासा. गुडघा मागे झुकलेला असेल किंवा टापेच्या वरच्या सांध्याचा कोन फार लवता असेल तर तो दोष शिंगरात उतरू शकतो. सोनोग्राफी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. त्याच खेपेला गर्भाशयही तपासून घ्या, नऊ वर्षांची पहिलटकर आहे.

वेळ: घोडी दिवस मोठा होऊ लागला की माजावर येते, साधारण २१ दिवसांचं चक्र, गाभण काळ अकरा महिने. फेब्रुवारीत दाखवली तर शिंगरू जानेवारीत, थंडीत. मेमध्ये दाखवली तर एप्रिलमध्ये ४३ अंशांत व्यायचं. आपल्याकडे हा हिशेब रक्तापेक्षा मोठा आहे.

गोठवलेल्या वीर्याला घोडीवर दर काही तासांनी सोनोग्राफीने लक्ष ठेवावं लागतं, बीजांड सुटण्याच्या वेळेलाच रेतन. दारव्ह्यात हे कोण करणार? महिनाभर नागपूरला ठेवणार असाल तरच विचार करा.

खाण्यात सरकीची ढेप आणि कच्चं सोयाबीन नको. आणि कोंबड्यांचं किंवा गुरांचं तयार खाद्य चुकूनही नको. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं, गाय पचवते, घोड्याचं हृदय बंद पडतं. ज्वारीचा कडबा, थोडा हरभरा, मीठ, भरपूर पाणी. रेसमधून आलेल्या घोड्यांना पोटात व्रण असणं सर्रास, म्हणून दिवसभर तोंडात चारा असू द्या. पावसाळ्यात गोमाश्या वाढल्या की ताप आणि पाय सुजणं दिसलं तर सरा रोगाची (माश्यांमुळे पसरणारा रक्तातला आजार) तपासणी.

हिशेबी

मी रसभंग करतो. अकरा महिने पोटात, चार वर्षांपर्यंत पाठीवर नीट बसता येत नाही, उडी शिकवायला आणखी दोन. पुतणी आज वीस-बावीसची असेल तर तेव्हा सत्तावीस ते एकोणतीसची. त्यापेक्षा रेसमधून निघालेला, पाय धड असलेला चार वर्षांचा खोजा घोडा घ्या. रेसवाल्यांना तो खायला घालायचा नसतो, स्वस्तात मिळतो. शिंगरू हौस म्हणून काढा, तिच्या करिअरसाठी नाही.

खरारा

हिशेबींशी सहमत आहे आणि हे मी आधी लिहायला हवं होतं.

अडाणकाठचा

तीन आठवड्यांनी आलोय, कापूस वेचणी चालू होती.

दलालाने कुरकुर करत पासपोर्ट पाठवला. चिपचा नंबर जुळला, घोडी तीच. बापही तोच. पण आईचं नाव स्टड बुकात शोधलं तर तिचा बाप रझीन नाही, दुसराच कोणी. दलालाला फोन केला तर म्हणे टायपिंग मिस्टेक. असो.

खळ्यावर तुराट्या लावून गल्ली केली, बांबू बांधले. पहिल्या दिवशी जमिनीवरच्या काठीवरून अशी उडाली की शेजारच्या आबांची टोपी पडली. दुसऱ्या दिवशी शांत. गुडघ्याएवढ्या बांबूला पहिल्या वेळी मागचा पाय लागला, बांबू पडला, पुन्हा आणली तर एक पाऊल आखूड करून स्वच्छ गेली. तिसऱ्यांदाही. पुढचे गुडघे समसमान येतात, पण टाच दबलेली आहे, खरारांनी सांगितली तशीच.

मारवाडीच्या मालकाला ग्लँडर्सची तपासणी कर म्हटलं तर तो चिडला, त्यामुळे तो विषय संपला. सोनोग्राफीला पुढच्या महिन्यात नागपूरला नेतोय. या फेब्रुवारीत फळवत नाही. पुतणी सध्या तिच्यावरच बसते, साठ सेंटीमीटरच्या वर जायचं नाही असं ठरलंय, निदान शिरेचा अहवाल येईपर्यंत.

आता एकच विचारायचं राहिलं. दबलेल्या टाचांना नाल मारणारा चांगला नालबंद यवतमाळ, वाशीम किंवा अमरावतीकडे कोणाच्या माहितीत आहे का? आमच्याकडचा बैलांचा आहे, तो घोडीला हात लावायला घाबरतो.

पटवाला बुढा

कारंज्याकडे एक आहे भाऊ, लय जुना मानूस. व्यनि (खाजगी निरोप) पायजा. अन् आबाच्या टोपीचं वाईट वाटलं.